उजवीकडची सीट

आमच्या गावाला वस्तीची एसटी यायची. दिवस मावळला की यायची, देवळापाशी उभी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच रात्र काढायचे आणि उजाडायच्या आत गाडी निघून जायची. दिवसभर त्या जागेवर तेलाचे डाग तेवढे दिसायचे. मुलानं मला उम्म अल कुवैनला आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीतून खाली बघितलं, तर मला ती एसटीच आठवली. रात्री पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी सगळं मोकळं, वाळूवर टायरच्या खुणा आणि तेलाचे डाग. इथं एक गाडी नाही, सगळं गावच वस्तीला येतं.

याचं कारण सोपं आहे. कामं दुबईत. दुबईत भाडं झेपत नाही म्हणून माणूस शारजाला जातो. शारजाचा ट्रॅफिक झेपला नाही की अजमानला. असं सरकत सरकत लोक इथवर आलेत. पुढं वाळवंट आहे म्हणून थांबलेत.

मुलगा अंधारात निघायचा. सून दवाखान्याच्या औषधाच्या काउंटरवर, ती आठला जायची. नात पिवळ्या बसमधून शाळेला. मग त्या एवढ्या मोठ्या बिल्डिंगमध्ये उरायचे वॉचमन, मांजरं आणि मी. मी खाडीपर्यंत चालत जायचो, परत यायचो, पुन्हा जायचो. वॉचमन बांगलादेशी होता. तो म्हणायचा, "बाबा, कितना घूमेगा? बैठो."

"बैठ के क्या करेगा, तू बता."

मी आयुष्यभर बसूनच काम केलं, पण ते बसणं पळतं होतं. मी ट्रक ड्रायव्हर. शाळा चौथीपर्यंत, त्यातलीही चौथी अर्धीच. मुंबई-गोवा रस्त्यावर तीस वर्षं गाडी चालवली, कशेडी घाटात माझ्या हातून कधी काही झालं नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, झालं नाही म्हणून सांगतो. बायको गेली, मुलगा म्हणाला आता एकट्यानं गावी राहायचं नाही. मी बरेच महिने अडून बसलो. शेवटी आलो, पण घराची किल्ली करगोट्याला बांधूनच आलो.

एके दिवशी डोळे तपासायला मुलानं मला दुबईला नेलं. ऑफिसजवळच्या डॉक्टरकडं दाखवलं, संध्याकाळी परत निघालो. इथं स्टेअरिंग डावीकडं असतं, म्हणून मी बसायचो उजवीकडं. ही उजवी बाजू म्हणजे माझ्या ट्रकातली माझी बाजू. तीच जागा, तोच रस्ता समोर, फक्त हातात काही नाही. माझा उजवा पाय सारखा खालचा पत्रा दाबत होता. मुलगा म्हणाला, "आबा, तिथं ब्रेक नाही."

"माहीत आहे."

मोठ्या हायवेला, ज्याला ते थ्री इलेव्हन म्हणतात, गाड्या मुंगीच्या पायानं चालल्या होत्या. पुढं लाल दिवे, मागं पांढरे. मी मुलाकडं बघितलं. डोळे उघडे होते. हात स्टेअरिंगवर बरोबर. पण तो बघत नव्हता. आमच्यात याला उघड्या डोळ्यांची झोप म्हणतात. ब्रेकवरचा पाय हळूच सुटला आणि गाडी पुढच्या पांढऱ्या गाडीवर सरकायला लागली. माझा डावा हात आपोआप हँडब्रेककडं गेला. तिथं हँडब्रेक नव्हताच, या गाड्यांना बटण असतं. माझ्या हातात चहाचा थर्मास आला. मग मी ओरडलो. त्यानं दचकून ब्रेक दाबला. पुढच्या गाडीत आणि आमच्यात वीतभर जागा उरली असेल.

"काय झालं ओरडायला?" तो म्हणाला.

"तू झोपला होतास."

"माझे डोळे उघडे होते, आबा."

"तेच सांगतोय."

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात सुनेला विचारलं. ती चपात्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मागं एकदा आपला एक्झिट मागं टाकून रास अल खैमाच्या वाटेला लागले होते. मधला रस्ता आठवतच नाही म्हणाले. हसत हसत सांगितलं, म्हणून मीपण हसले."

"मग आता हसू येतंय का?"

तिनं चपाती तव्यावर टाकली. ती करपली तरी तिनं उलटली नाही.

आता क्लीनरचं काम काय असतं ते सांगतो. गाडी धुणं, चाकाखाली दगड लावणं, हे लोकांना दिसतं. खरं काम ड्रायव्हरला जागं ठेवायचं. मी सुरुवातीला क्लीनरच होतो. माझ्या उस्तादानं पहिल्या फेरीलाच सांगितलं होतं, स्टेअरिंगवरचा माणूस जागा आहे तोवर क्लीनरनं डोळा मिटायचा नाही. मिटला तर पुढच्या ढाब्यावर उतरायचं आणि चालत घरी जायचं. एकाला त्यानं खरंच उतरवलेलं मी पाहिलंय. नुसती बडबड करून भागत नाही, विचारावं लागतं. तेही असं की हो-नाही म्हणून सुटका होता कामा नये. हो आणि नाही माणूस झोपेतपण म्हणतो. खिशात भाजलेले चणे ठेवायचे, जबडा हलता राहिला पाहिजे. आणि बोलणं संपलं, चणे संपले, रस्ता मात्र संपला नाही, तर भांडण काढायचं. रागावलेला ड्रायव्हर झोपत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा निघाला तेव्हा मी दाराशी चपला घालून उभा होतो. टोपी, पाण्याची बाटली, चण्याची पुडी.

"कुठं, आबा?"

"कामावर."

"कुणाच्या?"

"तुझ्या. तुझ्या गाडीला क्लीनर नाही."

तो सुनेकडं बघून हसला. ती हसली नाही. मग तो म्हणाला, "दिवसभर काय करणार तिथं तुम्ही?"

"इथं काय करतो?"

त्याला उशीर होत होता. त्यानं चावी घेतली.

पहिले काही दिवस तो ओशाळलेला असायचा. ऑफिसच्या दोन इमारती अलीकडं मला उतरवायचा. ड्रायव्हरचा मुलगा आहे हे त्यानं कुणाला सांगितलं असेल-नसेल, तो त्याचा प्रश्न. मी माझं काम करत होतो.

"गावच्या स्टँडपासून खेडपर्यंतचे थांबे सांग."

"आबा, सकाळी सकाळी?"

"विसरलास म्हण."

"विसरलो नाही." तो सांगायला लागला. तिसऱ्या थांब्यानंतर अडला. "दवाखाना."

"दवाखान्याच्या आधी वड येतो."

"नाही आबा, दवाखाना आधी. मी कॉलेजला रोज त्याच एसटीनं जात होतो."

"मी त्याच रस्त्यावर म्हातारा झालो."

अजमान मागं पडलं, शारजा आलं, तरी आम्ही तिथंच होतो. त्याचे डोळे चांगले टक्क उघडे होते.

संध्याकाळी घरी पोचलो की नात दार उघडायची. ती सगळं इंग्रजीत बोलते. एकदा म्हणाली, "आजोबा, यू आर लाइक द सीटबेल्ट अलार्म." मी सुनेला अर्थ विचारला. तिनं सांगितला. मी म्हटलं, बरोबर आहे, तिला म्हणावं तो बंद करायचं बटण नाही.

दिवसा मी मुलाच्या ऑफिसच्या मागं जायचो. तिथं वाळूची मोठी जागा आहे, ट्रेलर उभे असतात. कोपऱ्यावर मल्याळी माणसाची कॅफेटेरिया, तिथं कडक चहा मिळतो. ड्रायव्हर पठाण, पंजाबी, एखादा नेपाळी. ते मला चाचा म्हणायचे. मीही ड्रायव्हर होतो हे कळल्यावर एका पठाणानं मला त्याच्या केबिनमध्ये चढवलं. चढताना गुडघा बोलला, पण मी त्याचा हात धरला नाही. स्टेअरिंग डावीकडं. मी बसलो आणि हात मांडीवर ठेवले. तो म्हणाला, "पकडो, चाचा." मी म्हटलं, "खडी गाडी का क्या पकडना." थोड्या वेळानं उतरलो. मग त्या वाळूतून सावली धरून फेऱ्या. संध्याकाळ व्हायची वाट बघण्यात माझा दिवस जायचा. घरी तेही नव्हतं.

असे दोन-तीन महिने गेले असतील. विचारायचं सगळं विचारून झालं. गाव, नातेवाईक, कुणाची सोयरीक कुठं मोडली, कुठल्या सालात कुणाचा बैल विहिरीत पडला. एका सकाळी तो सारखा मान झटकत होता. आदल्या दिवशी ऑफिसमधून निघायलाच उशीर झाला होता, झोप झाली नव्हती. चणे दिले, नको म्हणाला. मग मी भांडण काढलं.

"लेकीबरोबर शेवटचा कधी जेवलास?"

"आबा, नको."

"सांग ना. तिचं जेवण झालं की तू येतोस, ती उठायच्या आत जातोस. तिला बाप आहे हे तिला कुणी सांगितलंय का?"

तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "मी रोज घरी येतो, आबा. तुम्ही आठ-आठ दिवस यायचा नाहीत. हायवेला हॉर्न वाजला की मी अंथरुणात उठून बसायचो. आई म्हणायची, झोप, तो नाही. कधीच तुमचा नसायचा."

"माल पोचवायचा तर घर सुटतंच."

"मग माझं काय वेगळं आहे?"

"मी स्टेअरिंगवर कधी झोपलो नाही."

हे बोलायला नको होतं असं सून नंतर म्हणाली. मला तसं वाटत नाही. खरं होतं ते. पण त्यानं गाडी ऑफिसच्या अगदी दारात नेऊन उभी केली, पहिल्यांदाच, आणि म्हणाला, "उद्यापासून तुम्ही येऊ नका."

दुसऱ्या दिवशी तो खाली आला तेव्हा मी गाडीत बसलेलो होतो. चावी दाराजवळच्या खिळ्याला असते, मी आधीच घेऊन आलो होतो. त्यानं हात पुढं केला, मी चावी दिली. तो चालवायला लागला, पण तोंडातून शब्द नाही. मी विचारलं, उत्तर नाही. पुन्हा विचारलं, नाही. भांडणानं माणूस जागा राहतो, अबोल्यानं नाही. अबोला आणि झोप अगदी शेजारी राहतात. उस्तादानं हे काही मला सांगितलं नव्हतं. मी चणे जोरजोरात चावत बसलो, तेवढाच आवाज. पाय पत्र्यावर दाबून दाबून संध्याकाळी पोटरीला गोळे यायचे.

असं चाललं असताना ऑगस्ट आला. इथला ऑगस्ट म्हणजे तव्यावर उभं राहणं. एका शुक्रवारी दुपारच्या नमाजासाठी कॅफेटेरिया बंद झाली. मी ट्रेलरच्या सावलीत थांबलो. सावली सरकली, मी सरकलो. मग जमीन थोडी सरकली. मी पडलो नाही. बसलो. लोक पडलो म्हणतात, त्यांना म्हणू दे. पठाणानं मला उचलून केबिनमध्ये घातलं, एसी लावला, माझ्या फोनवरून मुलाला फोन केला. मुलगा पळत आला. शर्टाची कॉलर भिजलेली, गळ्यात ऑफिसचं कार्ड हलत होतं. केबिनच्या पायरीवर चढून त्यानं माझ्या कपाळाला हात लावला, तापलेलं इंजिन बघतात तसा. सगळे ड्रायव्हर बघत होते.

"आपका वालिद है?" पठाणानं विचारलं.

"हां," तो म्हणाला. "ये भी ट्रक चलाते थे."

परत येताना सगळा वेळ तोच बोलत होता. रागानं बोलत होता, पण बोलत होता. म्हाताऱ्याला अक्कल नसते, हट्टापायी जीव देतील, आईनंपण सगळं असंच सोसलं. मी मध्ये मध्ये हूं म्हणत होतो. घर कधी आलं कळलं नाही.

सुनेनं जेवायला वाढलं आणि शांतपणे म्हणाली, "आबा, तुम्हाला घरी बसवायला मी रजा टाकू का? टाकते. नोकरी गेली तर गेली."

"मी बसतो घरी," मी म्हणालो. "पण ती सीट रिकामी जाणार नाही."

मुलगा म्हणाला, "म्हणजे काय करणार तुम्ही?"

"क्लीनर बघतो."

मी पार्किंगमध्ये उभा राहून माणसं बघायला लागलो. इथून दुबईला जाणाऱ्यांची कमी नाही. पहिला मिळाला तो हैदराबादचा, हिशेबाचं काम करणारा, सज्जन. पहिल्या दिवशी मी पारखायला मागच्या सीटवर बसलो. त्यानं कानात वायरी घातल्या आणि गाडी हायवेला लागायच्या आत घोरायला लागला. संध्याकाळी मी त्याला नाही म्हणून सांगितलं. मुलगा म्हणाला, "आबा, तो माझ्याइतकाच दमलेला आहे."

"म्हणूनच नको."

दुसरा मला लिफ्टमध्ये सापडला. फोनवर बोलत होता, मराठीच, पण वसईकडची. कुणाच्या तरी लग्नात बँडवाल्यांनी घोळ घातला होता, ते सांगत होता. लिफ्ट खाली गेली, तो उतरला नाही, बोलतच राहिला. लिफ्ट परत वर आली. मी पण उतरलो नाही. फोन ठेवल्यावर म्हणाला, "अंकल, तुम्ही पण मराठी काय?"

"तू किती बोलतोस?"

"बायको म्हणते, ह्याच्यापेक्षा रेडिओ बरा, त्याला बटण असतं."

"काम कुठं?"

"दुबईत ओ. हॉटेलात, लाँड्रीला. दोन बस बदलून जातो. तिथं सकाळपासून चादरीच चादरी, बोलायला कुणी नाय."

"गाडीत झोप येते का तुला?"

"झोप कसली अंकल, मला गाडी लागते. डोळे मिटले का उलटीच. समोर बघत, बोलत बसलो तर ठीक."

मी इतक्या वर्षांत असा क्लीनर पाहिला नव्हता. तिथंच पक्का केला.

त्याच्या पहिल्या दिवशीही मी मागं बसलो. माझ्या सीटवर तो. मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, हो-नाहीचं, चण्यांचं, भांडणाचं. भांडणाचं ऐकून तो म्हणाला, ते मला जमायचं नाय. त्याला गरज पडली नाही. वसईची केळी, सणाला केलेलं वड्यांचं पीठ, हॉटेलातल्या एका पाहुण्यानं उशीच्या अभ्र्यात विसरलेली कवळी. मग त्यानं मुलाला विचारलं, "तुमच्यात फणस कापा चांगला का बरका?" मुलगा म्हणाला कापा. तो म्हणाला, मग तुम्ही फणस खाल्लाच नाय. आणि मुलगा हसला. त्या गाडीत मी त्याला तसं हसताना ऐकलं नव्हतं.

मी मागं गप्प होतो. नवा क्लीनर बसला की जुन्यानं मध्ये तोंड घालायचं नसतं. पुढच्या सीटची पाठ माझ्या तोंडासमोर होती, रस्ता दिसत नव्हता. पायानं दाबायलासुद्धा काही नव्हतं.

तेव्हापासून मी परत गॅलरीत. गाडी पार्किंगमधून निघते, वळणावर दिव्याखाली येते, तिथं काचेतून दोन डोकी दिसतात. दोन दिसेपर्यंत मी आत येत नाही. मग नात शाळेची बॅग भरताना म्हणते, "दे आर गॉन, आजोबा. यू कॅन सिट नाऊ." मी बसतो म्हणतो आणि चपला घालतो. खाडीपर्यंत जातो. येतो. वॉचमननं विचारायचं सोडून दिलंय.

फक्त एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. हॉटेलवाल्यांना रविवारी सुट्टी नसते. वसईवाल्याची सुट्टी मंगळवारी.

"एकच दिवस आहे, आबा. मी बघतो," मुलगा म्हणाला.

"बघशील. त्याचीच तर भीती आहे, डोळे उघडेच असतात तुझे."

सुनेनं मध्ये पडून तोड काढली. मंगळवारी मी जायचं, पण वाळूत पाय ठेवायचा नाही. मुलाच्या ऑफिसात, खालच्या मजल्यावर, एसीत बसायचं. तिथं मोठा सोफा आहे. काउंटरवरच्या पोरीला मुलानं पहिल्याच दिवशी सांगितलं, हे माझे वडील. ती पाणी आणून देते आणि सोफ्याकडं हात करते. मी पाणी पितो. सोफ्यावर बसत नाही, फेऱ्या मारतो.

परवाच्या मंगळवारी आम्ही निघालो. अजून अंधारच होता. चणे मी आणले होते, तर सीटवर आधीच एक पुडी ठेवलेली. मी ती मांडीवर घेऊन बसलो. गाडी हायवेला लागली. मी काय विचारावं ते जुळवत होतो, तोच तो म्हणाला, "हं. विचारा."

"खेडच्या रस्त्याला आधी वड की दवाखाना?"

"आबा, वड तोडला. रस्ता रुंद केला तेव्हाच गेला तो."

"तोडला म्हणून काय तो आधी नव्हता?"

"दवाखान्याच्या आधी नव्हता."

मी चणे पुढं केले. त्यानं मूठभर घेतले. माझा पाय पत्र्यावर होता, पुढं लाल दिवे लागायला सुरुवात झाली होती, आणि तो वडाच्या पलीकडची विहीर कुठं होती ते मला समजावून सांगत होता, अगदी चुकीचं.